मुदत ठेव मोडून दोन महिने भटकंतीला निघावे का?

स. न. वि. वि.

आपण परभणीच्या मोंढ्यात एका आडत दुकानावर हिशेब लिहिता, हातात दरमहा २२,००० रुपये येतात, त्यातले ८,००० गावी आई-वडिलांना आणि ३,५०० खोलीभाड्याला जातात. बचत खात्यात ३८,००० आणि ऑगस्टमध्ये मुदत संपणारी दीड लाखाची ठेव आहे. अमृतसर, धर्मशाळा, मनाली, स्पिती आणि जमल्यास लेह असा ६० दिवसांचा प्रवास पाठीवर बॅग टाकून ६०,००० रुपयांत करायचा, आणि त्यासाठी ठेव मोडावी की वैयक्तिक कर्ज घ्यावे, असे आपण विचारले आहे.

कर्जाचा विचार सोडून द्यावा. प्रवासातून परत आल्यावर दीड-दोन वर्षे हप्ते भरत राहणे आपल्या पगारात बसत नाही. ठेव मुदतीपूर्वी मोडल्यास बँका साधारणपणे ठेव जितके दिवस राहिली तेवढ्या काळाचा दर लावतात आणि त्यातूनही अर्धा ते एक टक्का कापतात. हे नुकसान फार मोठे नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. मृग लागला की वडिलांना बियाणे आणि खतासाठी रोख लागणार, आणि पेरणी उलटली तर दुबार पेरणीचा खर्च अंगावर येतो. त्या वेळी घराला आधार म्हणून आपल्याकडे ही ठेवच आहे.

आता आपल्या ६०,००० च्या आकड्याकडे पाहू. रजा बिनपगारी आहे, पण गावी पाठवायचे पैसे आणि खोलीभाडे थांबणार नाही. दोन महिन्यांचे ते २३,००० मिळवले की हा प्रवास ८३,००० रुपयांना पडतो. स्वस्त प्रवासात माणूस पैसे वाचवतो ते बहुतेक वेळा वेळ खर्चून, म्हणजे टॅक्सीऐवजी बसची वाट पाहून आणि विमानाऐवजी रेल्वेत दोन दिवस बसून. पगारी रजेवर असणाऱ्याला हा वेळ फुकट मिळतो. आपल्याला त्याची किंमत मोजावी लागते, आणि कागदावर नेमकी तीच राहून गेली आहे.

म्हणून माझे मत असे की, आपण अवश्य जावे, पण एकच महिना जावे आणि अमृतसर व कांगडा खोरे (धर्मशाळेचा परिसर) एवढ्यावरच समाधान मानावे. मनाली–लेह रस्ता हिवाळ्यात बर्फाने बंद होतो आणि तो कधी उघडेल हे बर्फावर अवलंबून असल्यामुळे आपल्या तारखांना लेहचा भरवसा धरता येत नाही. शिवाय अशा प्रवासात खरा खर्च ठिकाणे बदलण्यात होतो. एका जागी सहा रात्री राहिलात तर डॉर्मिटरीवाला खाटेचा दर कमी करतो, स्वस्त खानावळ सापडते आणि बसची वेळ पाठ होते.

माझ्या तरुणपणीच्या अशाच एका सहलीची खर्चाची वही अजून माझ्याकडे आहे. तिच्यात एका पानावर 'पठाणकोट–धर्मशाळा टॅक्सी, १४००' अशी नोंद असून पुढे कंसात 'घाई' असे लिहिले आहे. तासाभराने बस होती. त्या १,४०० रुपयांत मी तेव्हा चार दिवस राहिलो-जेवलो असतो. प्रत्येक नोंदीपुढे कारण लिहिण्याची सवय मला तेव्हापासून लागली. आपण तर हिशेबनीसच आहात.

प्रवासाच्या साहित्यासाठी आपण धरलेले १८,००० मात्र मला पटले नाहीत. पाठीवरची बॅग मित्राकडून मागून घ्या, कॅमेऱ्याचे काम मोबाइल करील. बूट तेवढे चांगले घ्या आणि निघण्याआधी महिनाभर मोंढ्यात वापरून पायाला बसवून घ्या. या सगळ्यासाठी ४,००० पुरेत. तसेच गुरुद्वारातल्या लंगरचे मोफत जेवण धरून आपण अमृतसरचा जेवणखर्च शून्य मांडला आहे. नांदेड आपल्या शेजारी असल्याने लंगर म्हणजे काय हे आपल्याला सांगायला नको; पंगतीला अवश्य बसा, भांडी घासायलाही बसा, पण बजेटमध्ये त्याची बचत दाखवू नका.

माझा हिशेब असा आहे. गाडीतले चार दिवस वगळून २६ दिवस, रोज सरासरी ८०० प्रमाणे २०,८००, सचखंड एक्सप्रेसच्या स्लीपरने जाणे-येणे, वाटेतल्या खाण्यासह ३,०००, साहित्य ४,०००, घर आणि खोलीचे ११,५००. एकूण ३९,३००. आजपासून चार महिने दरमहा ५,००० बचत खात्यात बाजूला टाकलेत तर आपल्याकडे ५८,००० जमतील आणि परत आल्यावर सुमारे १८,७०० शिल्लक राहतील. दीड लाखाला हात लावावा लागणार नाही. ८०० ही सरासरी आहे. एखाद्या दिवशी १,५०० गेले तर पुढचे दोन दिवस कुठेही न हलता भरून काढावेत.

मार्चअखेरचे हिशेब मिटून हरभऱ्याची आवक ओसरली की, साधारण २० एप्रिलला निघावे, म्हणजे पेरणीच्या धावपळीआधी आपण गावी असाल. पण त्याआधी एक चाचणी घ्या. एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' हा चार दिवसांचा पास काढून अंबाजोगाई, औसा, नळदुर्ग, तुळजापूर असे फिरा, आणि पासाव्यतिरिक्त दिवसाला ८०० च्या आत राहून पाहा. चौथ्या दिवशी उन्हात बसस्थानकावर उभे असताना रिक्षाला हात करावासा वाटला, तर ८०० चा आकडा आपल्यासाठी कमी आहे असे समजा. तो १,००० धरा आणि दिवस २६ वरून २० करा. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी खुले होते, म्हणजे तिकीट फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात काढावे लागेल. चाचणी त्यापूर्वी, जानेवारीतच उरकून घ्या.