सकाळी साडेनऊला सर्व्हर का अडखळतो?

प्रश्न : मॅडम, भोसरीतल्या आमच्या डिझाइन ऑफिसात आधी बारा लिनक्स मशीन होती, आता पंचेचाळीस आहेत. सगळ्यांची होम डिरेक्टरी (ज्याचं त्याचं स्वतःचं फोल्डर) एकाच सर्व्हरवर, एनएफएसने, म्हणजे नेटवर्कवरून फोल्डर वापरू देणाऱ्या पद्धतीने, माउंट केलेली (जोडलेली). सकाळी सगळे एकदम आले की लॉगिनलाच दोन-तीन मिनिटं जातात, साधं फोल्डर उघडतानाही स्क्रीन अडकते. दुपारी मोठी फाइल कॉपी केली तर मात्र सेकंदाला ११० एमबी मिळतात. व्हेंडर म्हणतो, १० गिगाबिटचा नेटवर्क स्विच बसवा. साहेबांकडून खर्च मंजूर करून घ्यायचाय मला. काय करू?
– एक वाचक, पुणे

उत्तर : स्विच आत्ता घेऊ नका. एक गिगाबिटच्या लाइनमधून कागदावर सेकंदाला १२५ एमबी जातात, प्रत्यक्षात ११०च्या आसपास. म्हणजे दुपारी तुम्हाला पूर्ण वेग मिळतोय, केबल आणि स्विच ठणठणीत आहेत. साडेनऊला सर्व्हरच्या पोर्टवरचा ट्रॅफिक तेवढा बघून घ्या. तो ११०ला टेकलेला असेल तर व्हेंडरचं म्हणणं खरं. पण माझा अंदाज आहे की तो त्याच्या निम्म्यावरही नसेल.

कारण लॉगिनच्या वेळी मोठ्या फाइली हलतच नाहीत. डेस्कटॉप सुरू होताना शेकडो बारीक फाइली चाचपतो : सेटिंग, थंबनेल, ब्राउझरचा कॅश (तात्पुरत्या साठवलेल्या फाइली). प्रत्येकीसाठी सर्व्हरला विचारणा होते, ही फाइल आहे का, कधी बदलली, मला परवानगी आहे का. एका मशीनवर ‘एनएफएसस्टॅट -सी’ ही कमांड चालवा, ती अशा विचारणा मोजून दाखवते. गेटॲटर, लुकअप आणि ॲक्सेस या विचारणांचे आकडे रीड-राइटच्या कितीतरी पुढे दिसले, तर दुखणं तिथेच आहे. ७,२०० आरपीएमची साधी डिस्क अशी विखुरलेली कामं सेकंदाला जेमतेम शंभर करते. चार डिस्कचा रेड (एकत्र जोडलेला संच) असला तरी काहीशेच. पंचेचाळीस माणसं एकाच वेळी आली की रांग लागणारच, आणि स्विच कितीही रुंद केला तरी ती रांग हलणार नाही.

सर्वांत आधी कॅश होम डिरेक्टरीतून बाहेर काढा. ‘एक्सडीजी_कॅश_होम’ हे व्हेरिएबल प्रत्येक मशीनच्या स्वतःच्या डिस्कवर वळवा. याला पैसा लागत नाही आणि फरक लगेच जाणवतो. मग सर्व्हरवरचे एनएफएसडीचे थ्रेड, म्हणजे एकाच वेळी विचारणा हाताळणारे हात, किती आहेत ते बघा. अनेक लिनक्समध्ये वर्षानुवर्षं ते मुळात आठच असतात, म्हणजे एसटी स्टँडवर गर्दी वाढली तरी खिडक्या तेवढ्याच. बत्तीस किंवा चौसष्ट करा. मात्र त्याच वेळी सर्व्हरवर डिस्क किती गुंतली आहे ते दाखवणारं ‘आयओस्टॅट -एक्स’ लावून ठेवा. डिस्क आधीच शंभर टक्के गुंतलेली असेल तर थ्रेड वाढवून काही हाती लागणार नाही.

सॉफ्टवेअर आणि स्टँडर्ड पार्ट्सची लायब्ररी फक्त वाचण्यापुरती असेल, तर ती वेगळी माउंट करून ‘ॲक्टिमो’ (फाइलची माहिती किती वेळ धरून ठेवायची ते ठरवणारं सेटिंग) ६०० सेकंद ठेवा. एरवी लिनक्स फाइलची माहिती ३ ते ६० सेकंदच धरून ठेवतो, मग पुन्हा सर्व्हरला विचारतो. चालू प्रोजेक्टच्या फोल्डरला हे मुळीच लावू नका, शेजारच्याने केलेला बदल तुम्हाला दहा मिनिटं दिसणार नाही.

आता एक गोष्ट अगदी कळकळीने सांगते. कुणीतरी तुम्हाला सर्व्हरच्या एक्स्पोर्टमध्ये (कोणती फोल्डर कशी वाटायची त्या यादीत) ‘सिंक’ काढून ‘असिंक’ लिहायला सांगेल. वेग खरंच वाढेल. पण तेव्हा डेटा डिस्कवर उतरायच्या आधीच सर्व्हर ‘झालं’ म्हणून कळवतो. त्या क्षणी लाइट गेली तर तो डेटा गेला, आणि मशीनला त्याचा पत्ताही लागत नाही. गुरुवारी तुमच्याकडे लाइट जाते हे मी तुम्हाला सांगायला नको. लोकांची दिवसभराची ड्रॉइंग अशी टांगणीला लावू नका. ‘सॉफ्ट’ माउंटचंही तसंच : सर्व्हर ठरलेल्या वेळेत बोलला नाही की प्रोग्रॅमला एरर मिळते आणि फाइल अर्धवट राहू शकते. सर्व्हर उत्तर देईपर्यंत थांबणारा ‘हार्ड’च ठेवा.

एवढं करून आठवडाभर साडेनऊचे आकडे लिहून ठेवा. ‘आयओस्टॅट’मधला अवेट (डिस्कच्या प्रत्येक कामाला लागणारा वेळ) तरीही चढाच राहिला, तर साहेबांकडे सर्व्हरची रॅम वाढवायला आणि होम डिरेक्टरीसाठी दोन एसएसडी (वेगवान डिस्क) मिररमध्ये, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा राहील अशा, लावायला पैसे मागा. सोबत तो आकड्यांचा कागद जोडा.