रविवारी ऐकलेले वचन सोमवारी आचरणात कसे आणावे?

आपण विचारले आहे की, पवित्र शास्त्राचे वाचन रोज होते, रविवारचा उपदेशही मन लावून ऐकला जातो, तरी घरातल्या आणि कामाच्या ठिकाणच्या वागण्यात त्याचे काही उतरत नाही; मग बायबलची शिकवण रोजच्या जीवनाला लावायची तरी कशी? मी बऱ्याच काळापासून एका बायबल अभ्यासगटात शिकवतो आणि हा प्रश्न तिथे अनेकदा ऐकला आहे. माझे मत असे की, याचे कारण बहुधा श्रद्धेची उणीव हे नसते. आपण वाचलेल्या भागातून फार मोघम बोध काढतो, हे असते. ‘मी अधिक प्रेमळ झाले पाहिजे’ असा निश्चय करून प्रार्थनेतून उठलेल्या माणसाला पुढच्या तासाभरात नेमके काय करायचे आहे, ते कळत नाही.

येशूच्या डोंगरावरील प्रवचनातला एक प्रसंग पाहा (मत्तय ५:२३-२४). एक मनुष्य अर्पण घेऊन वेदीपाशी उभा आहे आणि तिथे त्याला आठवते की, आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे. येशू म्हणतो, अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग येऊन अर्पण कर. हे ऐकणाऱ्यांतले बरेच लोक उत्तरेकडच्या गालील प्रांतातले होते. वेदी होती यरुशलेमेच्या मंदिरात, आणि गालीलातून तिथे पायी जायला सुमारे तीन दिवस लागत. इतका प्रवास करून, अर्पण हाती घेऊन वेदीपर्यंत पोहोचलेल्या भक्ताने ते तिथेच सोडून गावी परतायचे, समेट करायचा आणि तीच वाट पुन्हा तुडवत यायचे! येशूने सांगितलेली गोष्ट इतकी गैरसोयीची आहे, हे लक्षात आले की ती आपल्याला सौम्य वाटेनाशी होते. शिवाय येथे आपला भावावर राग आहे की नाही, हे विचारलेलेच नाही. राग त्याच्या मनात आहे, आणि तरी उठून जायचे आहे ते आपण.

आता हा भाग आचरणात आणणे म्हणजे काय? ‘क्षमाशील व्हावे’ एवढे वहीत लिहून ठेवले, तर काहीच घडणार नाही. ज्याच्याशी आपले बोलणे तुटले आहे, जो आपल्याला पाहून वाट बदलतो, असा एक माणूस आठवावा, त्याचे नाव घेऊन प्रार्थना करावी आणि त्याला केव्हा भेटायचे ते प्रार्थनेतून उठण्यापूर्वी ठरवावे. आमच्या गटातील एक वयस्कर बाई प्रत्येक अभ्यासाच्या शेवटी एकच प्रश्न विचारतात, “हे कोणाच्या बाबतीत?” एखाद्या भागावर तासभर उत्तम चर्चा झालेली असते आणि या प्रश्नावर सगळे गप्प होतात. मला ती शांतता फार मोलाची वाटते.

शास्त्र स्वतःसुद्धा याच रीतीने बोलते. मजुरीवर काम करणाऱ्या गरिबाचे वेतन सूर्य मावळण्यापूर्वी दे, कारण त्याचे मन त्याकडे लागलेले असते, असे बायबलमधील अनुवाद या पुस्तकाच्या २४ व्या अध्यायात सांगितले आहे. गरिबांविषयी कळवळा बाळगण्याचा हा नुसता उपदेश नव्हे. त्यात माणूस ठरलेला आहे, रक्कम ठरलेली आहे आणि वेळही ठरलेली आहे. आपण कोणाकडून काम करून घेत असू, तर हे वचन आजच पाळता येते.

मात्र आज्ञांपेक्षा आश्वासने लागू करताना अधिक जपावे लागते. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातले २९:११ हे वचन अनेकांना तोंडपाठ असते: तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, असे देव म्हणतो. ते पाठ असणे चांगलेच. पण ते एका पत्रातले आहे, आणि इ.स.पू. ५९७ मध्ये यरुशलेमेहून बंदिवान करून दूर बाबेलला नेलेल्या लोकांना ते पत्र लिहिले होते. दोन वर्षांत सुटका होईल, असे खोटा संदेष्टा हनन्या सांगत होता. यिर्मयाने सत्तर वर्षे सांगितली. म्हणजे ते पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. त्यांना देवाने सांगितले की, घरे बांधा, मळे लावा, लेकरांची लग्ने करा आणि ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. हे सगळे वाचल्यावर ते आश्वासन माझ्या दृष्टीने अधिकच खरे झाले, कारण दीर्घ आजारात किंवा मनासारखे न घडलेल्या वर्षांतही ते धरून राहता येते. नोकरी लवकर मिळेल, एवढाच त्याचा अर्थ लावला, तर नोकरी न मिळाल्यावर विश्वास डळमळतो, आणि दोष मात्र वचनाकडे जातो.

समेटाच्या वचनाबाबत एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. मारहाण किंवा छळ सोसणाऱ्या व्यक्तीला हेच वचन दाखवून पुन्हा त्याच घरात पाठवणे हा वचनाचा दुरुपयोग आहे. दावीदाने आपल्या जिवावर उठलेल्या शौल राजाला ठार मारण्याची संधी दोनदा सोडली, तरीही तो शौलाच्या भाल्याच्या टप्प्यात राहायला परत गेला नाही. आधी सुरक्षितता हवी, आणि त्यासाठी बाहेरची मदत घेण्यात विश्वासाला कोणताही कमीपणा नाही.

आपल्या प्रश्नात थोडी निराशाही जाणवली, म्हणून क्रमाविषयी लिहितो. निर्गम या पुस्तकाच्या २० व्या अध्यायात दहा आज्ञा सुरू होण्यापूर्वी देव म्हणतो की, मी तुला मिसर देशातून, दास्यगृहातून बाहेर आणले आहे. सुटका आधी झाली आणि नियम नंतर आले. इफिसकरांस पत्रातही पहिल्या तीन अध्यायांत जवळजवळ आज्ञाच नाहीत. ख्रिस्तामध्ये देवाने काय केले, तेच पत्राचा लेखक प्रेषित पौल सांगत राहतो, आणि मग चौथ्यापासून कसे वागावे ते सांगतो. देवाने आपल्याला स्वीकारावे म्हणून जो पाळतो, तो एका चुकीने खचतो. ज्याला आपण स्वीकारले गेलो आहोत हे ठाऊक आहे, तो क्षमा मागून दुसऱ्या दिवशी पुन्हा आरंभ करू शकतो.

सुरुवात कुठून करावी, असे विचाराल तर मी इफिसकरांस पत्राचाच ४:२५ ते ३२ हा भाग सुचवीन. चोरी करणाऱ्याने चोरी थांबवावी एवढ्यावर पौल थांबत नाही. त्याने आपल्या हातांनी कष्ट करावेत, आणि तेही गरजवंताला देण्यासाठी आपल्याजवळ काही असावे म्हणून, असे तो लिहितो. काय सोडायचे, त्या जागी काय धरायचे आणि कोणासाठी, हे तिन्ही एका वाक्यात आले आहे. आठवडाभर यातले एकच वचन घ्यावे, ते कोणाच्या बाबतीत पाळायचे आहे ते ठरवावे आणि एका विश्वासू व्यक्तीला सांगून ठेवावे, म्हणजे पुढच्या रविवारी नवा भाग उघडण्यापूर्वी ती व्यक्ती आपल्याला मागच्या वचनाचे काय झाले ते विचारील.