कामाच्या ठिकाणी अडचणी सोडवणं, टीमवर्क आणि आपलं म्हणणं पटवून देणं ही कौशल्यं कशी वाढवावीत आणि इंटरव्ह्यूत कशी सांगावीत? त्यासाठी पैसे भरून कोर्स करावा का?

कोर्सचं आधी सांगतो, कारण तो विषय आमच्या घरातलाच आहे. माझे साडू पुण्यात हेच शिकवतात. कंपन्यांत जाऊन दोन-दोन दिवसांच्या कार्यशाळा घेतात, पैसे चांगले मिळतात. लग्न असो की बारसं, आमचा वाद ठरलेला. ते म्हणतात, तुम्ही जिनिंगमध्ये हमाल-मुकादमांशी बोलता त्याला कम्युनिकेशन म्हणत नाहीत. मी म्हणतो, ज्याच्या पाठीवर कापसाचं बोचकं आहे त्याला थांबवून तुमचं म्हणणं ऐकवून दाखवा, मग बोलू.

मी जळगाव जिल्ह्यात धरणगावच्या बाजूला एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये वजनकाट्यावर असतो. इथे कापसातून सरकी, म्हणजे बी, वेगळी काढतात आणि राहिलेल्या रुईच्या दाबून गठाणी बांधतात. भरलेली गाडी मोजायची, रिकामी मोजायची, पावती फाडायची आणि संध्याकाळी हिशोब लावायचा: कापूस किती आला, रुई किती निघाली, सरकी किती, कचरा किती. १०० किलो कापसातून साधारण ३४-३५ किलो रुई आणि ६२-६३ किलो सरकी येते. राहिलं ते कचरा आणि घट. ही घट दोन-तीन टक्क्यांत राहिली की शेठला झोप लागते आणि मलाही.

एका हंगामात दिवाळीच्या तोंडावर ती सात-आठ टक्क्यांवर गेली.

शेठ म्हणाले, चोरी. पैसेवाल्या माणसाचं पहिलं निदान बहुतेक वेळा चोरीचंच असतं. गेटवर झडती सुरू झाली. हमालांचे जेवणाचे डबे उघडून बघायला लागले. आता तुम्हीच हिशोब करा. आमच्याकडे दिवसाला १०० गठाणी बांधल्या जातात. गठाण १७० किलोची, म्हणजे १७० क्विंटल रुई, म्हणजे जवळपास ५०० क्विंटल कापूस. त्यावर पाच टक्के जास्तीची घट म्हणजे रोज २५ क्विंटल माल. तो डब्यातून जातो? ट्रॅक्टर लागेल! हे मी पहिल्याच दिवशी बोललो होतो, पण शेठ तापलेले होते आणि तापलेल्या माणसाला आकडा दिसत नाही. तिसऱ्या दिवशी मुकादमाने एका हमालाचा डबा स्वतःच उघडून शेठच्या टेबलावर ठेवला. भाकरी आणि ठेचा. कोणी काही बोललं नाही, पण दुपारपर्यंत सरकी वेगळी करणारा एकही रोलर फिरला नाही.

फिटरचं वेगळंच चाललं होतं. तो म्हणे, रोलर झिजलेत, सरकीवर रुई राहून जातेय. मी दोन मुठी सरकी आणून टेबलावर ओतली. स्वच्छ होती. आणि समजा रुई राहिलीच असती, तर सरकीचं वजन वाढलं असतं, रुई आणि सरकीची बेरीज कमी का भरेल? फिटर जुना माणूस, पण बेरीज त्याला आवडत नाही. त्याला नवे रोलर हवे होते, ते मागायला हे निमित्त बरं होतं. असं सगळीकडे चालतं. अडचण आली की जो तो आपली जुनी मागणी तिच्या अंगावर चढवतो. तुमच्या ऑफिसात बघा, सर्व्हर बंद पडला की कोणी माणसं वाढवून मागतो, कोणी नवं सॉफ्टवेअर.

तेवढ्यात भाऊबीजेला साडू आले. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "तुमच्याकडे ट्रस्टचा प्रॉब्लेम आहे." शेठना भेटून एक दिवसाची कार्यशाळा ठरवूनही टाकली. नातेवाईक म्हणून अर्ध्या पैशात. शेठ अर्ध्या पैशाला नाही म्हणत नाहीत.

गोदामात सतरंज्या टाकल्या. चार-चार जणांचे गट केले आणि प्रत्येक गटाला कागदी कप दिले, उंच मनोरा बांधा म्हणून. हमालांच्या गटाने सगळ्यात आधी आणि सगळ्यात उंच बांधला. आयुष्यभर थप्पी लावणाऱ्या माणसांना काय शिकवता? शेठच्या मुलाचा मनोरा दोनदा पडला. मग साडूंनी सगळ्यांना डोळे मिटून शेजाऱ्याबद्दल एक चांगली गोष्ट सांगायला लावली. मुकादम म्हणाला, "हा उधारी बुडवत नाही." चांगला हशा झाला. दुसऱ्या दिवशी घट तेवढीच.

आता खरी गोष्ट. कार्यशाळेच्या दिवशी चहाच्या वेळी मी बायका काम करतात तिकडे गेलो. कापसातून प्लास्टिकचे दोरे, पानाचा चुरा, कवडी (किडका, डागी कापूस) वेचायचं काम त्या करतात. सहा तास त्यांचे हात त्या ढिगात असतात. शेठचा हात ढिगात कधी जात नाही, माझाही काट्यापलीकडे जात नाही. त्यातली एक म्हातारी, माझी फार जुनी ओळखीची, म्हणाली, "भाऊ, खालना कापूस हातले ऊन लागस." तळचा कापूस हाताला गरम लागतो.

कापसातल्या माणसाला एवढं पुरे. ढीग आतून तापतो तो ओलाव्याने. ओला कापूस दाबून ठेवला की आत वाफ धरतो, रुई पिवळी पडते, सरकीही खराब होते. आणि ओलावा उडाला की वजन उडतं. मी त्याच रात्री मांडलं. १४ टक्के ओलावा असलेल्या १०० क्विंटल कापसात कोरडा माल ८६ क्विंटल. तोच कापूस वाळून ८ टक्क्यांवर आला की वजन भरतं साडेत्र्याण्णव. साडेसहा क्विंटल हवेत. क्विंटलला ७,००० रुपये धरले तरी १०० क्विंटलमागे ४५,५०० रुपये. हमालाने चोरले नाहीत, सूर्याने नेले.

पण आमच्या वहीत ओलावा दहाच्या आत दिसत होता. तो कसा? कारण मीटरची सुई गाडीच्या वरच्या थरात खुपसायची पद्धत होती. पहाटेच्या दवात वेचलेला कापूस दिवसभर उन्हात येतो, वर कोरडा असतो, पोटात ओला. खेडा खरेदीच्या, म्हणजे व्यापाऱ्यांनी गावोगाव घेतलेल्या मालाच्या, गाड्या तर रात्री यायच्या. आणि शेजारच्या जिनवाल्याशी चढाओढ चालू असल्याने शेठचा हुकूम होता: मीटर बघत बसू नका, गाडी रिकामी करा, नाहीतर तो तिकडे जाईल. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, ८ ते १२ ला टक्क्यामागे टक्का कपात आणि १२ च्या वर गाडी परत. आम्ही काहीच कापत नव्हतो.

म्हणजे मूळ कारण शेठचा हुकूम. हे शेठना सांगायचं कसं? तुमच्या प्रश्नातला 'पटवून देणं' हा भाग इथे येतो, आणि साडूंच्या स्लाइडवर तो नाही. त्यांनी मला सल्ला दिला की 'आपण' म्हणून सुरुवात करा, आधी कौतुक करा, मग मुद्दा मांडा. आमचे शेठ कौतुक ऐकलं की समजतात हा उचल मागायला आलाय.

मी काहीच मांडलं नाही. शेठना ढिगापाशी नेलं आणि म्हटलं, कोपरापर्यंत हात घाला. घातला. काढला. पुन्हा घातला. मग तळातला १०० किलो कापूस त्यांच्याच समोर मोजला, ताडपत्रीवर पसरला, रात्री झाकायचा, दिवसा उघडायचा. काट्याची किल्ली त्यांच्याकडेच दिली, म्हणजे नंतर 'तुम्हीच हात मारला असेल' हे नको. आठवडाभराने त्यांनी स्वतः वजन केलं. ९४ च्या आत भरलं. शेठ थोडा वेळ काट्याकडे बघत होते, मग म्हणाले, "म्हणजे आपण कापसाच्या भावात पाणी घेतलं."

हे वाक्य मी म्हटलं असतं तर दोन तास वाद झाला असता. ते स्वतः म्हणाले म्हणून संध्याकाळपर्यंत नवीन नियम लागू झाला: गाडीत तीन ठिकाणी, हात आत घालून ओलावा बघायचा, १२ च्या वर असेल तर ओट्यावर फुकट वाळवू द्यायचं किंवा कपात, ढिगावर तारखेची पाटी, आणि वहीत तिन्ही ठिकाणच्या ओलाव्याचा रकाना. पुढच्या महिन्यापासून शेठ सगळ्यांना सांगत फिरले की ही गोष्ट त्यांच्या लक्षात आली. मी एकदाही खोडलं नाही. वरिष्ठाला पटवायचं असेल तर शोध त्याच्या नावावर जाऊ द्यावा लागतो. ज्याला हे जमत नाही त्याने कितीही कोर्स करावेत.

शेतकऱ्यांना पटवणं जड गेलं. पहिल्याच दिवशी एक जण भडकला, "मना कापूस वल्ला नही शे!" त्याच्याशी वाद घातला नाही, त्याचाच हात त्याच्याच गाडीत घालायला लावला. तरी काही गाड्या शेजारच्या जिनला गेल्या, हे सांगितलं पाहिजे. काही जण ओट्यावर वाळवायला थांबले. काही दिवसांनी बरेच परतही आले, कारण शेजाऱ्याचीही घट वाढली होती आणि तो भावच कमी देऊ लागला होता. शेतकरी मुद्दाम पाणी मारून आणतात असं आमच्या धंद्यात सर्रास बोलतात. मारणारे असतीलही, पण आमच्या ढिगातलं बरंचसं पाणी दवाचं आणि घाईचं होतं. घाई दोन्हीकडची.

टीमवर्क म्हणाल तर ते कपांच्या मनोऱ्याने आलं नाही. झडती बंद झाली तेव्हा आलं. माणसाला आधी चोर ठरवायचं आणि मग एकमेकांवर विश्वास ठेवा म्हणून सतरंजीवर बसवायचं, याला काही अर्थ नाही. शेठनी माफी मागितली नाही, मागणारही नव्हते. त्यांनी भरताचा कार्यक्रम केला. जिनच्या मागे पऱ्हाट्यांवर (कापसाच्या वाळक्या काड्यांवर) पोतंभर वांगी भाजली, कळण्याच्या भाकरी, आणि शेठ स्वतः वाढायला. आमच्या खानदेशात एवढं झालं की मुकादम समजतो. त्या रात्री त्याने आपणहून सांगितलं की रात्रीच्या गाड्या कुठल्या व्यापाऱ्याच्या असतात आणि त्या ओल्या का असतात. हे त्याला आधीपासून माहीत होतं. ज्याच्या डब्यात हात घातला त्याने कशाला सांगावं?

तुमच्या इंटरव्ह्यूचं: असला एक किस्सा स्वतःचा शोधून ठेवा, ज्यात आकडा आहे. "मी टीम प्लेअर आहे" असं सगळेच सांगतात. घट आठवरून तीनवर आली, ती कशी, कोणाला विचारलं, कोण विरोधात होतं, हे सांगा. नोकरी लागली नसेल तर कॉलेजच्या गॅदरिंगचा हिशोबसुद्धा चालतो, किंवा गावच्या गणपती मंडळाची वर्गणी. आणि प्रॉब्लेम आला की आधी बेरीज जुळवा, मग ज्याचा हात प्रत्यक्ष त्या कामात असतो त्याच्याकडे जा. तो बहुतेक वेळा मीटिंगला नसतो.

हे सगळं तेव्हाच चालतं, जेव्हा वही आधीपासून नीट लिहिलेली असते. माझ्याकडे प्रत्येक गाडीची वेळ होती म्हणून रात्रीच्या गाड्या वेगळ्या काढता आल्या. आणि प्रत्येक शेठ ढिगात हात घालत नाही. काहींना कारण नको असतं, माणूस हवा असतो. तिथे कौशल्य वाढवत बसू नका, दुसरी नोकरी बघा. कधी खरंच चोरीही असते, मग भरीत करून भागत नाही.

कोर्सबद्दल माझं मत नाही असंच आहे. इंग्रजीत चार माणसांपुढे उभं राहायची भीती असेल तर मात्र करा, ती भीती तिथे जाते, हे मी साडूंच्या दोन विद्यार्थ्यांत पाहिलंय. तोही फार पैशाचा नको.

साडू हे वाचतीलच. ते नातेवाईकांत सांगतात की ती म्हातारी बोलली ती त्यांच्या कार्यशाळेमुळे, त्या दिवशी सगळे मोकळे झाले होते म्हणून. साडूभाऊ, ती सतरंजीवर बसायलाच आली नव्हती, बायकांना तुम्ही बोलावलंच नव्हतं. ती चहाच्या वेळी बोलली, आणि चहा तुमच्या पॅकेजमध्ये नव्हता. तो जिनच्या खर्चाने झाला, व्हाउचर माझ्या फाइलला आहे.