धनको, ऋणको आणि मोरचूद

पिंपळगावच्या एका ताईंनी विचारलंय : मुलीच्या पुस्तकात ‘आम्लारिधर्मी मूलक’ आहे, क्लासचे सर ‘धन आयन’ म्हणतात. दोन्ही एकच का? आणि संयुगात धन कोण, ऋण कोण, हे ओळखायचं कसं?

एकच. आम्लाचा अरी, म्हणजे शत्रू, तो आम्लारी. मूलक किंवा आयन म्हणजे प्रभार असलेला अणू किंवा अणूंचा गट. आम्लारीच्या वाट्याचं मूलक धन, आम्लाच्या वाट्याचं ऋण. शब्द नेटका आहे, पण उच्चारतानाच मुलांची दमछाक होते. मला ‘धन आयन’ बरा वाटतो, कारण पतपेढीच्या कागदांवरचे धनको आणि ऋणको त्यात आयते सापडतात. इलेक्ट्रॉन देतो तो धनको, त्याच्यावर धन प्रभार. घेतो तो ऋणको, त्याच्यावर ऋण.

‘आयन’ हा शास्त्रज्ञ फॅरेडेने १८३४ मध्ये रूढ केलेला शब्द, ग्रीकमध्ये अर्थ ‘जाणारा’. आपल्या उत्तरायणातलं ‘अयन’ही जाण्याचंच, आणि दोन्हींचा धातू मुळात एकच. द्रावणातून वीज सोडली की धन आयन जातो ऋणाग्राकडे, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेल्या कांडीकडे, म्हणून मुलं गोंधळतात. त्याचं नाव मुक्कामावरून नाही, अंगच्या प्रभारावरून पडलंय.

ओळखायला नाव पुरतं : पहिला शब्द धन, दुसरा ऋण. शेवटी आइड, आइट किंवा एट आलं की बहुधा ऋणच. धातू धन, हाही आडाखा चालतो. फक्त नवसागरातला अमोनियम धातू नसूनही धन. तुरटीत तर पोटॅशियम आणि ॲल्युमिनियम असे दोन धनको, सल्फेट मात्र एकच प्रकारचं.

पण ताई, तुमच्याकडे द्राक्षबाग असेल तर वही मिटा आणि बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं फवारणीचं मिश्रण, करताना मुलीला ड्रमपाशी उभी करा. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. पाण्याला येणारा निळा रंग कॉपरच्या धन आयनाचा. सल्फेटला रंगच नाही. चुना घातल्यावर आपण लोखंडी चाकू बुडवून बघतो ना? पात्यावर तांबूस थर धरला तर चुना कमी पडला. तिथे लोखंड इलेक्ट्रॉन देऊन स्वतः धन आयन होतं आणि द्रावणात उतरतं. कॉपरच्या आयनाला त्याचे दोन इलेक्ट्रॉन परत मिळतात आणि तो पुन्हा साधं तांबं होऊन पात्याला चिकटतो. मोरचुदाला लोखंडी पिंप का चालत नाही, तेही ह्यातच आलं.