हवामानामुळे आक्रमणं अडतात हे खरं का? रशियाचा हिवाळा, आपला पावसाळा वगैरे?

"मराठे पावसामुळे वाचले" हे ऐकलं की मला चीड येते, म्हणून आपल्या पावसाचंच आधी सांगतो.

पन्हाळा ते विशाळगड ही एकच वाट घ्या. जुलै 1660 मध्ये शिवाजी महाराज सुमारे 600 माणसांनिशी भर पावसात रात्री निघाले आणि दुसऱ्या दिवशी पोचले. मागे बाजीप्रभूंनी घोडखिंड धरली होती. 1702 मध्ये औरंगजेबाची फौज विशाळगडाहून पन्हाळ्याकडे 10 जूनला निघाली, पोचली 17 जुलैला. जेमतेम 30 मैलांना 38 दिवस!

फरक ओझ्याचा. उंटाचा तळवा वाळूसाठी असतो, तांबड्या चिखलात तो घसरतो. तोफेचा गाडा आसापर्यंत रुततो. भिजलेला तंबू उचलता उचलत नाही. ओढ्याला पूर आला की हत्तीसुद्धा उतरत नाहीत, मागची सगळी रांग थांबते. थांबलेल्या जनावरांना वैरण लागतेच, आणि धान्याचे तांडे घाटात अडकलेले. गडावर मात्र दारू कोठारात कोरडी, धान्य अंबारात, आणि पाऊस पडेल तशी टाकी भरतात.

म्हणून किल्लेदाराचं काम एकच, जूनपर्यंत गड झुंजवणं. 1702 च्या जानेवारीत औरंगजेबाचा विशाळगडाला वेढा बसला. एप्रिलअखेर बादशाही फौजेतल्या आमेरच्या जयसिंगाच्या रजपुतांनी कोकण दरवाज्याकडची बाहेरची तटबंदी घेतलीसुद्धा. तरी गडावरचे मराठा सरदार परशुराम त्र्यंबक यांनी आणखी महिनाभराहून जास्त गड लढवला. मग जूनच्या पहिल्या आठवड्यात औरंगजेबाचा नातू शाहजादा बेदारबख्त याच्याकडून 2 लाख रुपये घेतले आणि शिबंदी सुखरूप बाहेर काढून गड खाली केला. याला फितुरी म्हणणाऱ्यांशी माझा वाद जुना आहे. त्यांनी तारखा लावून बघाव्यात. गड एप्रिलमध्ये पडला असता तर बादशहा कोरड्या वाटेने परतला असता. चिखलाशी त्याची गाठ घालून दिली ती गडकऱ्यांनी.

रशियाबद्दल थोडक्यात: 1812 मध्ये नेपोलियनची मुख्य फौज सप्टेंबरात मॉस्कोला पोचेपर्यंतच ऊन, रोगराई आणि चाराटंचाईने निम्म्याहून कमी झाली होती. बर्फ त्यानंतरचं.

हे सगळं डोंगरी मुलखाचं आणि बैलगाड्यांच्या काळाचं आहे, एवढं ध्यानात ठेवा. सपाटीवर, जवळ किल्ला नसताना, तोच पाऊस बचाव करणाऱ्यालाही तितकाच नडतो.