शाळेतील रोबोटिक्स संघ : आधी संच की आधी काम?

प्रश्न : मी तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. आठवी-नववीच्या आठ विद्यार्थ्यांना रोबोटिक्सचा संघ काढायचा आहे. माझा मूळ विषय रसायनशास्त्र असून इलेक्ट्रॉनिक्सचा मला अनुभव नाही. एका विक्रेत्याने महागडा तयार संच सुचवला आहे. तो घ्यावा का, आणि स्पर्धेत केव्हा उतरावे?

उत्तर : संच तूर्त घेऊ नये. त्यातील भाग एकमेकांत नेमके बसतात, म्हणून गाडी लवकर चालते खरी, पण बिघाड शोधण्याची सवय मुलांना लागत नाही. पहिल्या सत्रासाठी पांढऱ्या कागदावर काळी टेप चिकटवून आखलेल्या रेषेवरून चालणारी गाडी पुरेशी आहे. तिला आर्डुइनो उनो (प्रोग्राम चालवणारा छोटा नियंत्रक बोर्ड), एल२९८एन मोटर ड्रायव्हर (बोर्डाच्या इशाऱ्यावर मोटरींना वीज पुरवणारा भाग), दोन बीओ मोटरी (बॅटरीवर चालणाऱ्या, गिअर असलेल्या छोट्या मोटरी), काळी रेषा ओळखणारे दोन इन्फ्रारेड सेन्सर आणि पुढे एक फिरते चाक लागते. अशा दोन गाड्या कराव्यात, म्हणजे एक अडली की तिचे भाग दुसरीवर लावून दोष कोणत्या भागात आहे ते मुलांनाच ठरवता येते.

पहिली अडचण बहुधा बॅटरीची येईल. मुले चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी आणतात. गाडी हातात उचलून धरली की चाके झोकात फिरतात आणि जमिनीवर ठेवताच आर्डुइनो पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. मग सगळे प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतात. वास्तविक त्या बॅटरीचा अंतर्गत रोध जास्त असल्याने भार पडताच व्होल्टेज कोसळते. त्याऐवजी १.२ व्होल्टचे, पुन्हा चार्ज होणारे सहा सेल एकसर जोडणीत (एकापुढे एक) वापरावेत. ७.२ व्होल्टपैकी सुमारे दोन व्होल्ट ड्रायव्हरमध्येच खर्ची पडतात आणि उरलेले या मोटरींना मानवतात. लिथियमचे सुटे सेल मुलांच्या हाती इतक्यात देऊ नयेत. सकाळी नीट चालणारी गाडी दुपारी भरकटली, तर खिडकीतून येणारे ऊन पाहावे, कारण उन्हातील इन्फ्रारेड किरणांनी सेन्सर फसतात.

आपले रसायनशास्त्र येथे कमीपणाचे नाही. प्रयोगवहीची शिस्त आपण लावू शकता : एका वेळी एकच बदल, आणि त्याची तारखेसह नोंद. मात्र वही मुलींकडे आणि स्क्रू ड्रायव्हर मुलांकडे अशी वाटणी नकळत होते, म्हणून कामे दर आठवड्याला बदलावीत.

स्पर्धा दुसऱ्या वर्षी पाहावी. २००४ पासून होत असलेल्या वर्ल्ड रोबोट ऑलिम्पियाडमध्ये दोन किंवा तीन विद्यार्थ्यांचा संघ लागतो. फर्स्ट टेक चॅलेंज या दुसऱ्या स्पर्धेत १५ जणांपर्यंतचा संघ चालतो, परंतु तेथे सामना अडीच मिनिटांचा असून पहिली ३० सेकंदे यंत्राने कोणाच्याही नियंत्रणाविना चालायचे असते, त्यामुळे खर्च आणि तयारी दोन्ही बरीच वाढतात. जवळपास एखाद्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब (सरकारी योजनेतून शाळेत उभारलेली प्रयोगशाळा) असल्यास मुख्याध्यापकांमार्फत विनंती करून पाहावी. थ्रीडी प्रिंटरसारखे साधन आठवड्यातून एकदा वापरायला मिळाले तरी पुष्कळ.

नववीची मुले पुढच्या वर्षी दहावीत जातील आणि पालक त्यांना संघात राहू देतीलच असे नाही. म्हणून सातवीतील दोघांना आत्तापासूनच बरोबर बसवावे.