मायकेलअँजेलोच्या 'डेव्हिड' या पुतळ्याचा उजवा हात प्रमाणाबाहेर मोठा आहे. ही शिल्पकाराची चूक समजायची का?

चूक नाही. हे मी तावातावाने सांगतोय, कारण या हातापायी माझे पाच मार्क गेलेत.

कला महाविद्यालयात दुसऱ्या वर्षी आमच्या सरांनी डेव्हिडचा फोटो फळ्यावर लावून रेखाटन करायला दिलं. मी हात दिसला तेवढा काढला. सरांनी लाल पेन्सिलीने त्यावर बारीकसा हात गिरवला आणि वर्गासमोर म्हणाले, "मायकेलअँजेलो असली चूक करेल का?" सगळे हसले. फोटो समोरच होता, पण मान वळवून बघायची तसदी कुणी घेतली नाही. मीही गप्प बसलो, ते जास्त लागलंय.

पुढे बावीस वर्षांनी इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या अकादेमिया या संग्रहालयात गेलो, मूर्ती तिथे आहे. बायको म्हणाली, पाच मिनिटं बघू नि निघू. मी पेन्सिल धरून एक डोळा मिटून मापं घेत बसलो, ती बाहेर जाऊन कॉफी पिऊन आली. साधारण माणसाचा पंजा हनुवटीपासून केसांच्या रेषेपर्यंत भरतो. याचा चांगलाच ओलांडतो. डोकंही मोठंच आहे.

कारण? १५०१ मध्ये काम दिलं ते तिथल्या कॅथेड्रलच्या (मोठ्या चर्चच्या) वरच्या भागासाठी, खालून दिसायला. १५०४ मध्ये मूर्ती उभी राहिली मात्र पालाझो वेक्कियोच्या, म्हणजे नगर सरकारच्या वाड्याच्या, दाराशी. शिवाय मध्ययुगात बायबलमधल्या डेव्हिडला 'बळकट हाताचा' म्हणत. मला दुसरं जास्त पटतं. त्याच्या आधीच्या दोनातेल्लो आणि व्हेरोक्कियो या शिल्पकारांच्या ब्राँझच्या डेव्हिडांच्या पायाशी गोलियथचं, म्हणजे डेव्हिडने गोफणीने पाडलेल्या धिप्पाड योद्ध्याचं, मुंडकं आहे, म्हणजे काम फत्ते. इथे मुंडकं नाही, लढाई व्हायचीय. गोफण डाव्या खांद्यावर, आणि जे काही होणार ते उजव्या हातातून. तो हात नाजूक काढला की उरतो नुसता देखणा मुलगा. व्हेरोक्कियोचा तसाच आहे, आणि खरं सांगायचं तर मला तोच जास्त आवडतो.

आता एक कबुली. मूर्ती ५.१७ मीटर उंच, शिवाय चौथऱ्यावर. खालून बघताना पंजा चेहऱ्यापेक्षा जवळ येतो, त्यामुळे माझ्या पेन्सिलीच्या मापात थोडी गफलत असणारच. फोटोतही तेच होतं. पण सर हे म्हणाले नव्हते. ते म्हणाले होते, मी चुकलो.

तुम्ही रेखाटन करणार असाल तर हात दिसतो तेवढाच काढा, आणि मार्क कापले तर तिथल्या तिथे भांडा.